जावयाला गाडीबंदी

कंडक्टरच्या ताब्यात तीन चिजा असतात. तिकिटाचं मशीन, खांद्याची चामडी पिशवी आणि डोक्यावरून गेलेली घंटीची दोरी. मशीन बिघडलं तर डेपोत दुसरं मिळतं. पिशवी हरवली तर साहेबांची बोलणी खावी लागतात, पण माणूस तगतो. दोरी मात्र भलत्याच्या हातात गेली की हाडं मोडतात. आणि तीही आपली नाही, टोपलं घेऊन पायरीवर उभ्या असलेल्या एखाद्या मावशीची. हे मला गयामावशीच्या मनगटानं शिकवलं. ती गोष्ट पुढं येतेच, पण आधी घंटी समजून घ्या, नाहीतर माझी नोकरीच तुम्हाला कळायची नाही.

एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. एवढीच आमची विद्या. ड्रायव्हरला पाठीमागं डोळे नसतात. गर्दीच्या गाडीत दारात कोण लोंबकळतंय, कुणाचा पदर अडकलाय, कुणाचं लेकरू अजून खालीच राहिलंय, हे त्याला दिसत नाही. त्याला फक्त घंटी ऐकू येते आणि तिच्यावर भरवसा ठेवून तो गिअर टाकतो. म्हणून दोरीला कंडक्टरशिवाय कुणी हात लावायचा नाही. आता नव्या गाड्यांना बटणं आली म्हणतात. पण शिरूर कासार ते माळेवाडी या आमच्या रस्त्याला नवी गाडी कोण पाठवणार? आमच्या नशिबी दोरीवालीच, आणि त्या दोरीलाही मधे सुतळीची गाठ.

नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, कंडक्टरचा दरारा आवाजात असतो. माझा आवाज तसा बेताचा नाही. आमच्या घरात म्हणतात, हिला मोबाईल कशाला, खिडकीत उभी केली तरी गेवराईपर्यंत ऐकू जाईल. तर तेव्हा मी वडवणीच्या गाडीवर होते. बाजारचा दिवस. दोन गडी एका सीटवरून भिडले. एकानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती आणि दुसरा सरळ रुमालावरच बसला होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं खिडकीतून टाकलेल्या रुमालाला सातबाऱ्याइतका मान आहे.

"ऊठ बे, रुमाल दिसंना का?"

"दिसला म्हणून तर बसलो. सीटवर धूळ हाय."

झालं. कॉलर धरल्या, कुणाचं तरी टोपलं सांडलं, एक लेकरू रडायला लागलं. मी ओरडून ओरडून घसा बसवला, पण बाजारच्या गाडीत कंडक्टरचं ओरडणं म्हणजे भजनात कुत्रं भुंकल्यासारखं, कुणी वळून बघत नाही. तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरनं, मुनीरभाईंनी, इंजिन बंद केलं. ते उतरले, मागच्या दारापाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, घसा कावून फोडायलाय? घंटी तुमच्या हातात हाय ना? वाजवू नका." एवढं बोलून ते आपल्या जागेवर गेले आणि पानाची डबी उघडून बसले.

मीही बसले. एकदाच सांगितलं, "हे दोघं खाली उतरेपर्यंत घंटी वाजणार न्हाई." आणि पिशवीतून शेंगा काढल्या. आधी कुणाला काही वाटलं नाही. मग एक बाई म्हणाली, माझी म्हैस धारेची हाय. एक म्हातारा म्हणाला, मला पुढची गाडी धरायची हाय. मग कुणीतरी म्हणालं, उचला रे यांना. आणि लोकांनी त्या दोघांना त्यांच्या रुमालासकट खाली ठेवलं. मी दोन टोले दिले. आरशात मुनीरभाई गालात हसत होते.

तेव्हापासून मला उमगलं की गाडीत बंदी कंडक्टर घालत नाही, उभी गाडी घालते. गोंधळ घालणाऱ्याला उतरवायचा नियम आमच्याकडं आहे, पण नियमाला हातपाय नसतात. ज्याची म्हैस धारेची आहे त्याला असतात.

ही युक्ती मी जन्मभर वापरली. "मी वढत न्हाई, नुसती पेटवून धरलीय," असं म्हणणारा एक बिडीवाला मी तिच्या जोरावर उतरवला. मोबाईलवर लग्नाचा बँड लावून सगळ्या गाडीला वरात घडवणारा एक नवरदेवाचा भाऊ उतरवला. बायकांचं तिकीट अर्धं झाल्यावर एक साठीतले बाबा लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन बसले होते, त्यांना मात्र नाही उतरवलं. त्यांनी पदराआडून "एक हाफ" म्हटलं तेव्हा मुनीरभाईंना गाडी बाजूला घेऊन हसावं लागलं. एका बाप्याचा हट्ट होता की शेळीला खिडकीपाशी बसवा, तिला मळमळतं. मी म्हटलं, मागं घेऊन बस. पुढं शेळीला काही झालं नाही, त्यालाच मळमळलं.

पण हे सगळे एका दिवसाचे पाहुणे. बबनराव मात्र वर्षानुवर्षांचा जावई होता.

आता माळेवाडीचं सांगते. गाव लहान, जमीन कोरडी. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं आणि घरांना कुलपं लागतात. पूर्वी पोरीही आईबापाबरोबर फडावर जायच्या. मग आमची सकाळची गाडी सुरू झाली. ती पोरींना शिरूरच्या शाळेत सोडायची आणि शाळा सुटली की घरी आणायची. गाडी आहे म्हणून पोरी आजी-आजोबांपाशी राहायला लागल्या. पोरींच्या बापांचा हिशोब सरळ होता. गाडी धड असेल तर शाळा, गाडीत काही वाकडं घडलं तर चल आमच्याबरोबर, कोयता धर. म्हणून ती गाडी माझ्या नजरेत नुसती गाडी नव्हती, तीच शाळेचा पहिला वर्ग होती.

त्या पोरींत सोनाली म्हणून एक होती, दहावीतली, तोंडाची फटाकडी. रोज पहिल्या सीटवर बसून मला प्रश्न विचारायची. तिला नर्स व्हायचं होतं. एकदा तिनं माझी नाडी मोजली आणि "ताई, तुमचं इंजिन गरम हाय" असा निकाल दिला. या सोनालीची आई म्हणजे गयामावशी आणि वडील दगडूअण्णा. थोरली लेक लता, ती गेवराईकडं दिली होती. तिचा नवरा हा आमचा बबनराव.

पांढरे कपडे, अत्तर, उन्हं उतरली तरी डोळ्यावर काळा चष्मा. काम विचारलं तर म्हणायचा, "साहेबांचा माणूस हाय." कुठले साहेब ते कुणी विचारत नसे. मोटारसायकल होती, पण ती त्यानं दारूच्या धुंदीत पुलाखाली घातली, तेव्हापासून त्याला आमची गाडी. दर बाजाराला तो सासुरवाडीला यायचा आणि शिरूरच्या स्टँडवरच तर्र होऊन चढायचा. पोरींच्या सीटमधे घुसायचा, पाय लांब करायचा, काहीबाही बोलायचा. काही म्हटलं की "मेहुणीची चेष्टा केली तर काय झालं?" आणि मोठा खेळ म्हणजे दोरी. उठता बसता घंटी ओढायची आणि गाडी थांबली की खो खो हसायचं.

मी त्याला उतरवला नाही असं नाही. पण या बाजारी उतरवला की पुढच्या बाजारी तो नवं तिकीट मागायला हजर. डेपोत विचारलं, तर साहेब म्हणाले, "ताई, आज उतरवायचा हक्क तुमाला हाय. कायमची बंदी घालायची सोय आपल्याकडं न्हाई." त्यांचंही खरं होतं. आणि उभ्या गाडीची माझी युक्ती माळेवाडीच्या लोकांपुढं लंगडी पडली. वडवणीत लोकांनी परक्या माणसांना उचलून खाली ठेवलं. इथं गावच्या जावयाला हात कोण लावणार? जावई एकाचा, मान सगळ्या गावाचा. गाडी थांबली की लोक खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

एकदा गयामावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कमळे, त्याला खाली उतरवू नको गं. तो घरी जाऊन माझ्या लेकीवर राग काढतो." त्या दिवशी मी घंटी वाजवली. फार कडू लागली ती घंटी.

मग पावसाळ्यात, अधिक महिना तोंडावर आला असताना, ते झालं. माळेवाडीच्या थांब्यावर गाडी उभी होती. गयामावशी बाजाराचं टोपलं घेऊन उतरत होती. एक पाय पायरीवर, एक खाली टेकायचा होता. मी दारात उभी राहून तिचं टोपलं धरलेलं. तेवढ्यात पाठीमागून बबनरावनं दोरी ओढली. एकदा नाही, दोनदा. मुनीरभाईंना वाटलं ताईंनी चल म्हटलं. गाडी हलली आणि मावशी चिखलात गेली.

मुनीरभाईंनी पहिल्यांदा मावशीला उचललं, मग स्वतःच चाकाला टेकून बसले. म्हणाले, "घंटी झालती ताई. मी ऐकली." मी म्हटलं, "व्हय. पर माझी नव्हती." मावशीचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. बबनराव दारात उभा. म्हणाला, "मी चेष्टा केली." त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळेवाडीच्या थांब्यावर एकही पोरगी नव्हती. सोनाली तेवढी लांब, देवळापाशी, दप्तर पाठीला लावून उभी होती. दगडूअण्णा पुढं आले आणि म्हणाले, "ताई, पोरी न्हाई येणार. आज म्हातारी पडली, उद्या पोर पडंल. सगळ्यांचं ठरलंय. दसऱ्याला संगं घेऊन जाऊ." मी रिकामी गाडी घेऊन शिरूरला गेले. रिकाम्या गाडीचा आवाज फार होतो, प्रत्येक पत्रा बोलतो. मला सगळ्या रस्त्यात रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता.

त्या संध्याकाळी माळेवाडीला पोचल्यावर मुनीरभाई म्हणाले, "जाऊन या ताई, मी चहा घेतो सावकाश." मी गयामावशीच्या घरी गेले. हाताला प्लास्टर, बाजूला सोनाली भाकरी थापतेय, आणि जाड थापतेय. मी बसलेही नाही. म्हटलं, "मावशी, उद्यापासून बबनराव माझ्या गाडीत असतील, तर घंटी वाजणार न्हाई. गाडी शिरूरला मुक्कामी राहिली तरी बेहत्तर. माझी नोकरी गेली तर मी शेळ्या राखीन. पर पोरींना पाठवा."

दगडूअण्णा म्हणाले, "अहो पर जावई हाय तो."

"तुमचा हाय, गाडीचा न्हाई."

मला वाटलं, आता मावशी लेकीचं कारण सांगणार. ती प्लास्टरकडं बघत बसली आणि मग म्हणाली, "सोनाली, लताला फोन लाव. म्हणावं, आईचा हात मोडलाय, कामाला माणूस न्हाई, ये म्हणावं. सासूलाबी सांग. मोडक्या हाताला कोण न्हाई म्हणंल?" आणि माझ्याकडं वळून, "लेक माझ्यापाशी आली की मग त्याला खुशाल उतरव. राग काढू दे भिंतीवर."

मी तीस वर्षं युक्त्या केल्या असतील, पण ही युक्ती मला सुचली नसती. जो हात त्यानं मोडला, त्याच हातानं तिनं लेक सोडवून आणली.

लता आली त्याच्या पुढच्या बाजारी शिरूरच्या स्टँडवर बबनराव गाडीत चढला. मी खाली बसले आणि शेंगा काढल्या. मुनीरभाईंनी इंजिन बंद केलं. बबनरावनं फोन लावला, दोन शब्द बोलला आणि ऐटीत माझ्यापुढं धरला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "ताई, आपला माणूस हाय, जाऊ द्या की."

मी म्हटलं, "साहेब, गाडी उभी हाय, दार उघडं हाय, आडवलंय कुणी? फक्त घंटी वाजंना. तुमी येऊन वाजवून बघता का?" सगळी गाडी हसली. पलीकडूनही कुणीतरी हसलं, असं मला वाटलं. फोन बंद झाला. मग माळेवाडीच्या बायकांनी पहिल्यांदा आपल्या जावयाकडं तोंड वर करून बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "जावईबापू, आमची गुरं दावणीला हायेत. तुमी उतरता का आमी उतरवू?" तो उतरला.

त्यानंतर तो रोज यायचा. पायरीवर पाय ठेवला रे ठेवला की मुनीरभाई इंजिन बंद करायचे. मला बोलावंही लागत नसे. आणि मागच्या गाडीत चढावं तर त्या रस्त्याला मागची गाडी नव्हती. जीपवाले पावसाळ्यात माळेवाडीच्या चिखलात चाकं घालत नाहीत. इकडं आधी सोनाली आली, मग एकेक करून सगळ्या पोरी परत आल्या. गाडीत पुन्हा कालवा सुरू झाला आणि तो मला गोड लागला.

आणि मग आला धोंड्याचा महिना. अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला विष्णू मानून ओवाळायचं आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला जेवू घातलं नाही, तर सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. पण जावई येणार कसा? गाडीला तर बंदी.

गावची चार शहाणी माणसं माझ्याकडं आली. "ताई, एका दिवसाची सूट द्या. धोंड्यापुरती." खरं सांगते, मी विरघळले होते. सणाच्या तोंडावर कुणाचा घास कशाला अडवायचा? मुनीरभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, दुपारपर्यंतचा रोजा असतो का?" आणि सोनाली म्हणाली, "दाजी एक दिवस बसले की अण्णा परत म्हणतील, शाळा नको. मग मी नाडी कुणाची मोजू, उसाची?" मी त्या चौघांना नाही म्हणून सांगितलं. गयामावशीनं काही विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळची गाडी माळेवाडीला पोचली, तर थांब्यावर ही गर्दी. बायका नवी लुगडी नेसलेल्या. कुणाच्या डोक्यावर झाकलेलं पातेलं, कुणाच्या हातात पाट, कुणाच्या हातात ओवाळायचं ताट. मधे लता, आणि तिच्या पुढं गळ्यात प्लास्टरचा हात अडकवलेली गयामावशी. पुरणाचा आणि तुपाचा वास गाडीच्या डिझेलवर मात करून आत आला.

"मावशी, हे काय?"

"जावयाला गाडीत चढता येत न्हाई. धोंड्यांवर बंदी हाय का?"

"न्हाई."

"मग तिकिटं काड. गावातल्या बायकांनी लाटून दिलेत, माझ्या एका हातानं व्हणार होतं व्हय?"

त्या दिवशी माझ्या गाडीतून सबंध सासुरवाडी शिरूरला गेली. स्टँडवर बबनराव चहाच्या टपरीपाशी फुगून बसला होता. बायकांनी फलाटावर पाणी शिंपडलं, पाट मांडला, रांगोळीची चार बोटं ओढली. मावशीनं हाक मारली, "जावईबापू, या. पाय धुवा."

"हितं?" तो म्हणाला.

"गाडी जिथवर आणंल तिथवर आमची सासुरवाडी. या, धोंडे गार व्हायलेत."

स्टँडवरचा माणूस न् माणूस गोळा झाला. ड्रायव्हर, हमाल, पेरूवाल्या, कॉलेजची पोरं, आमचे डेपोचे साहेबसुद्धा. बबनरावला पळायला जागा राहिली नाही. तो पाटावर बसला. लतानं टॉवेल दिला, मावशीनं ओवाळलं, काळा चष्मा काढायला लावून कुंकू लावलं. मग धोंडा ताटात ठेवला आणि तुपाची वाटी उचलली, डाव्या हातात.

"डाव्या हातानं वाढू नये म्हणतात," मावशी म्हणाली, अगदी शांतपणे, जसं भाजीत मीठ कमी झालंय सांगावं. "राग मानू नका. उजवा तुमी कामाचा ठिवला न्हाई."

बबनरावनं घास तोंडात घातला आणि तो घास काही केल्या खाली जाईना. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशी म्हणाली, "पाणी प्या. सावकाश जेवा. ताटात काही ठिवायचं न्हाई." त्यानं सगळं ताट पुसून खाल्लं, रडत रडत खाल्लं. मग उठून सासूच्या पाया पडला.

"मान तुमचा ठिवला," मावशी म्हणाली. "आता गाडीचा तुमी ठिवा. लता हाताचं प्लास्टर निघंस्तर माझ्याकडं राहील. नंतर तुमी शुद्धीवर न्यायला आलात तर येईल, न्हाईतर न्हाई."

तो माझ्याकडं वळला. "ताई, बंदी कवा उठंल?"

मी म्हटलं, "मावशीला विचारा. हाड तिचं मोडलंय."

मावशीनं जराही विचार केला नाही. "पुढच्या धोंड्याला." म्हणजे तीन वर्षांनी. सगळा स्टँड हसला, आमचे साहेब तर टोपी काढून हसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ही सोय खरंच आपल्याकडं न्हाई." आणि पेढ्याऐवजी एक धोंडा खाऊन ऑफिसात गेले.

बायकोला भेटायला बबनराव चालत जायला लागला. शिरूरपासून माळेवाडी, ओढा ओलांडून, ढेकळं तुडवत. निघताना घेतलेली पोचेपर्यंत उतरायची, आणि पोचल्यावर माळेवाडीत मिळायची नाही. गाडीतून आम्ही त्याला बघायचो, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात. पोरी खिडकीतून ओरडायच्या, "दाजी, लवकर पाय उचला." आधी तो शिव्या द्यायचा. पुढं पुढं हात करायला लागला. लता नांदायला परत गेली तेव्हा गाडीत मला म्हणाली, "चालत आलेला नवराच बरा, ताई. गाडीनं येणारा नको." त्याची दारू साफ सुटली असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कमी झाली, आणि लताच्या तोंडावर हसू आलं, एवढं मला माहीत आहे. माळेवाडीत मात्र लोक अजून म्हणतात, आधी त्याला उचलून खाली ठेवलं असतं तर मावशीचा हात वाचला असता. मलाही तसं वाटतं. मनगट तिचं जरा वाकडंच बसलं.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला आणि त्याच महिन्यात मी निवृत्त झाले. शेवटची फेरी मी मागून घेतली, शिरूर ते माळेवाडी. पोरींनी गाडीला आंब्याचे डहाळे बांधले. मुनीरभाईंची नोकरी अजून थोडी बाकी आहे, त्यांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. सोनाली बारावी झालीय, नर्सिंगला जायचं ठरलंय. ती दसऱ्याला गावकऱ्यांबरोबर फडावर गेली नाही, एकदाही नाही. माळेवाडीच्या बायका मला न्यायला शिरूरपर्यंत आल्या होत्या. माझं जेवण गयामावशीकडं होतं.

सगळे बसले. तिकिटं झाली. मी दोरीला हात घातला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, हात खाली घेतला. म्हटलं, "मावशी, आज तुमी वाजवा."

नोकरीभर ज्या दोरीला मी कुणाला शिवू दिलं नाही, ती मी स्वतः तिच्या हातात दिली. मावशी उठली. पदर खोचला. उजवा हात वर केला, तोच वाकडा, आणि दोरी धरली. मुनीरभाई आरशात बघत होते. मावशी नुसतीच उभी.

"दोन टोले, मावशी."

"म्हाईत हाय मला. जावई यायचाय अजून."

आम्ही सगळ्यांनी खिडकीतून बघितलं. बाजाराच्या बाजूनं बबनराव पळत येत होता. खांद्यावर त्याचं वर्षाचं लेकरू, एका हातात तुपाचा डबा, मागं लता. गाडीपाशी आला आणि दारात येऊन थबकला. तीन वर्षांची सवय, पाय पायरीवर जाईना. त्यानं आधी मुनीरभाईंच्या बाजूला कान दिला. इंजिन चालूच होतं. मग माझ्याकडं बघितलं. मी मावशीकडं बोट केलं.

"चढा," मावशी म्हणाली. "धोंडे गार व्हायलेत."

त्यानं आधी लताला वर चढवलं, मग मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्याचा हात धरून त्याला वर चढवलं, मग स्वतः चढला आणि दोरीपासून लांब, पार ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला. मी रडत होते की हसत होते मला आठवत नाही, पोरी म्हणतात दोन्ही.

गयामावशीनं वाकून दाराकडं बघितलं. पायरीवर कुणी नाही, कुणाचा पदर नाही, कुणाचं लेकरू खाली नाही. मग तिनं उजव्या हातानं दोरी ओढली, दोनदा.